रविवारी पारोळ्याला नेऊ नका

"ताई, आम्ही अमळनेर तालुक्यातल्या खेड्यात राहतो. मला अकरा वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा आहे. दोघांना अजून कांजिण्या झालेल्या नाहीत आणि त्याची लसही दिलेली नाही. पारोळ्याला जाऊबाईंच्या मुलाच्या अंगावर परवा माता आली. सासूबाई म्हणतात, रविवारी दोघांना तिकडे नेऊ, दोन रात्री त्याच्याजवळच झोपवू, म्हणजे सुट्टीत उरकून जाईल. 'लहानपनमा व्हई गयं ते बरं ऱ्हास,' असं त्यांचं म्हणणं. मिस्टरांनाही ते पटतंय. लसीचे दोघांचे मिळून सात-आठ हजार होतात आणि ती सरकारी दवाखान्यात मिळत नाही, म्हणजे तेवढी गरजेची नसेल, असं ते म्हणतात. अडीच आठवड्यांवर आखाजी (अक्षय तृतीया) आहे. नणंदबाई सुरतेहून येणार आहेत, त्यांना पाचवा महिना चालू आहे. घर भरायच्या आत हे आटपावं असं सगळ्यांना वाटतं. माझं मन मात्र धजत नाही. सासूबाईंचं वय झालंय, गेल्या दिवाळीत त्यांना नागीण झाली होती, त्यांनाही दुखवायचं नाही. काय करू?"
– एक आई, अमळनेर तालुका

ताई,

तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी 'रविवारी जाऊ नका आणि नणंदबाईंना आधी फोन करा' एवढं मी तुम्हाला कळवलं होतं. त्यामागची कारणं आता सविस्तर लिहिते. उन्हाळ्याच्या तोंडाशी कांजिण्यांची साथ येते आणि हाच प्रश्न घेऊन बऱ्याच आया माझ्याकडे येतात, त्यांनाही ते वाचता येईल.

सासूबाईंच्या म्हणण्यात तथ्य नाही, असं मी म्हणणार नाही. कांजिण्या मोठेपणी झाल्या तर जास्त जड जातात, हे अगदी खरं आहे. मोठ्या माणसाला ताप जास्त येतो, फुप्फुसाला सूज येण्याचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. त्यांच्या तरुणपणी या रोगावर लस नव्हतीच. आज ना उद्या होणारच आहे, तर पोरं लहान आहेत तोवर होऊ द्या, हा त्या काळच्या आयांनी काढलेला शहाणा मार्ग होता. त्यांच्यापुढे दुसरा पर्यायच नव्हता. तुमच्यापुढे आहे. घरात बोलताना सुरुवात इथूनच करा, म्हणजे त्यांचं चुकलं असं कुणालाच म्हणावं लागणार नाही.

आता तारखांचा हिशेब मांडू, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती त्याचीच. लागण झाल्यापासून अंगावर पुरळ उठायला दहा ते एकवीस दिवस लागतात, बहुतेकांना चौदा ते सोळा. पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मूल दुसऱ्याला रोग देऊ लागतं आणि शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत देत राहतं. रविवारी पारोळ्याला लागण झाली असती, तर तुमचा मुलगा नेमका आखाजीच्या आसपास, अंगावर एकही फोड नसताना, हसत-खेळत सगळ्या घराला रोग वाटत फिरला असता. शिवाय दोन्ही मुलांना एकाच दिवशी लागेल याचीही खात्री नाही. बरेचदा पहिल्याचं बरं होत येतं तेव्हा दुसऱ्याला सुरू होतं. म्हणजे घर भरायच्या आत आटपायचं ते घर भरलेलं असतानाच सुरू झालं असतं आणि पाहुणे परतल्यावर दुसरी फेरी.

आखाजीला आपल्याकडे घर कसं असतं ते मी तुम्हाला सांगायला नको. माहेरी आलेल्या लेकी, त्यांची पोरं, झोका, गौराईची गाणी, रात्री ओसरीवर एका ओळीत टाकलेल्या गोधड्या. कांजिण्यांचा विषाणू हवेतून पसरतो. ज्यांना आधी झालेल्या नाहीत अशी माणसं एका घरात असली, तर दहातल्या नऊ जणांना लागतात. त्या ओळीत पाचव्या महिन्याची गरोदर नणंद झोपणार आहे.

गरोदर बाईला कांजिण्या झाल्या तर दोन जिवांना धोका असतो. तिला स्वतःला न्यूमोनिया होऊ शकतो आणि पोट वाढलेलं असताना तो फार जड जातो. पहिल्या वीस आठवड्यांत लागण झाली तर शंभरात एखाद-दुसऱ्या बाळाला कायमचं व्यंग राहतं. त्वचेवर खोल व्रण, एखादा हात किंवा पाय नीट न वाढणं, डोळ्यांचे दोष, मेंदूची वाढ कमी होणं, असं काहीही. आकडा लहान आहे, पण तो कुणाच्या वाट्याला येईल हे आधी कळत नाही. तुमच्या नणंदबाई त्याच उंबरठ्यावर आहेत. त्यांना लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या असतील तर काळजीचं कारण नाही, आणि तसं असण्याचीच शक्यता जास्त आहे. पण विचारल्याशिवाय ते कळायचं कसं? आईला म्हणजे तुमच्या सासूबाईंनाच ते नक्की आठवत असेल. आठवत नसेल तर सुरतेत त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे एक रक्ततपासणी करता येते, त्यात अंगात कांजिण्यांविरुद्धची प्रतिकारशक्ती आहे की नाही ते कळतं. गाडीत बसायच्या आधी हे होऊ द्या. प्रतिकारशक्ती नसलेल्या गरोदर बाईचा कांजिण्यांशी संपर्क आलाच, तर एक खास इंजेक्शन देतात. ते जितकं लवकर तितकं चांगलं, फार तर दहा दिवसांच्या आत. ते महाग असतं आणि तालुक्याच्या गावी हात घातला की मिळेल, असं नाही.

हे सगळं एका बाजूला ठेवलं आणि घरात गरोदर बाई नाही असं धरलं, तरी मी मुलांना पाठवा म्हणाले नसते. बऱ्याच घरांत समज असतो की कांजिण्या म्हणजे आठ दिवसांची खाज, बाकी काही नाही. बहुतेक मुलांचं तसंच होतं, हे खरं. अंगावर अडीचशे ते पाचशे फोड येतात, आठवड्यात खपल्या धरतात, मूल पुन्हा खेळायला लागतं. पण ज्यांचं तसं होत नाही ती मुलं मी पाहिली आहेत. रात्री झोपेत खाजवताना मांडीवरचा एक फोड फुटतो. नखात मळ असतो. सकाळी फोडाभोवती रुपयाएवढी लाली असते, दुपारपर्यंत मांडी टणक आणि गरम लागते, ताप पुन्हा चढतो. घरचे म्हणतात, मातेचा जोर आहे, उतरेल. अशा मुलाला त्याच दिवशी दवाखान्यात आणलं तर औषधांनी बरं होतं. दोन दिवस थांबलं की तोच संसर्ग रक्तात उतरू शकतो. काहींच्या मेंदूवर परिणाम होतो. मूल चालताना झोकांड्या खातं, क्वचित मेंदूला सूज येते. हे कुणाला होईल हे मूल पाहून सांगता येत नाही, धष्टपुष्ट मुलांनाही होतं. अमेरिकेत १९९५ मध्ये ही लस आली. त्याआधी तिथे दरवर्षी साधारण चाळीस लाख लोकांना कांजिण्या व्हायच्या, दहा हजारांहून जास्त जणांना दवाखान्यात ठेवावं लागायचं आणि शंभर ते दीडशे माणसं दगावायची. त्यातली बरीचशी आधी ठणठणीत होती. आता तिथले हे मृत्यू नव्वद टक्क्यांहून जास्त कमी झाले आहेत.

आणखी एक गोष्ट, जी मुद्दाम लागण करून घेणाऱ्यांना सहसा माहीत नसते. शाळेत किंवा गल्लीत ओझरती लागण झालेल्या मुलापेक्षा, घरातल्या आजारी भावंडाच्या अगदी जवळ राहून लागण झालेल्या मुलाला फोड जास्त येतात, आजार जास्त जोरात होतो. दोन रात्री त्याच्याजवळ झोपवायचं म्हणजे नेमकं हेच करायचं.

लस म्हणजे काय, तर त्याच विषाणूची दुबळी केलेली जात, मोजून दिलेली. ती जपानच्या डॉ. मिचियाकी ताकाहाशी यांनी १९७४ मध्ये तयार केली. त्याच्या दहा वर्षं आधी त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाला कांजिण्या झाल्या आणि पोरगं हातचं जातं की काय अशी वेळ आली होती. त्या रात्री त्यांनी बाप म्हणून काढल्या आणि नंतर या कामाला लागले. आज जगभर वापरतात त्या बहुतेक लसी त्यांनीच वेगळ्या केलेल्या विषाणूपासून बनतात. सासूबाईंना हवं आहे तेच लस करते, लहानपणीच शरीराला या रोगाची ओळख करून देते. फरक एवढाच की किती विषाणू अंगात जाणार, हे आपल्या हातात राहतं.

लसीने काहीच होत नाही, असं मी सांगणार नाही. पाचातल्या एका मुलाचा दंड दुखतो किंवा तिथे लाली येते. काहींना ताप येतो. पंचवीसात एखाद्याला पुढच्या तीन-चार आठवड्यांत थोडेसे फोड उठतात. गंभीर ॲलर्जी फारच क्वचित होते, म्हणून लस दिल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसवतात, तेवढं नक्की थांबा. एका डोसने साधारण ऐंशी टक्के मुलांना कांजिण्या होतच नाहीत, दोन डोसनी नव्वद टक्क्यांच्या वर. लस घेऊनही कुणाला झाल्याच, तर बहुधा पन्नासच्या आत फोड आणि नावापुरता ताप. प्रत्यक्ष रोग होऊन मिळणारी प्रतिकारशक्ती बहुतेकांना जन्मभर पुरते हे मला मान्य आहे, आणि लसीला त्यासाठी दोन डोस लागतात. पण त्या प्रतिकारशक्तीची किंमत मूल स्वतःच्या अंगावर काढतं, आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट जन्मभरासाठी घरी येते. त्याबद्दल सासूबाईंशीच बोलायला हवं.

त्यांना दिवाळीत झालेली नागीण त्यांना चावलेल्या किड्यामुळे नव्हती, की कुणाच्या नजरेमुळे नव्हती. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू अंगातून जात नाही. तो पाठीच्या कण्याजवळच्या नसांच्या मुळाशी लपून बसतो, चाळीस-पन्नास वर्षं गप्प राहतो आणि वय झालं, शरीर थकलं की एकाच नसेच्या वाटेने बाहेर येतो. म्हणून नागीण एकाच बाजूला, पट्ट्यासारखी उठते. तोंड आणि शेपूट मिळाली की माणूस जातो ही आपल्याकडची भीती खरी नाही, पण आग आणि ठणका किती असतो हे त्यांनी सोसलं आहे. अंगाला लुगड्याचा पदर लागलेला सहन होत नाही, रात्र-रात्र झोप येत नाही. त्यांच्या लहानपणीच्या कांजिण्यांनीच त्यांना हे दिलं. लस घेतलेल्या मुलांमध्ये नागीण, प्रत्यक्ष कांजिण्या झालेल्या मुलांपेक्षा खूपच कमी दिसते. त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, आई, दिवाळीत तुम्ही जे सोसलं ते या दोघांच्या वाट्याला यायला नको ना? मला वाटतं, माझ्या दहा कारणांपेक्षा हे एक त्यांना जास्त पटेल.

मातेचा नैवेद्य, कडुनिंबाची डहाळी, श्रावणात शितळा सप्तमीला चूल न पेटवणं, यातलं काहीही थांबवायची गरज नाही. लस घ्यायच्या दिवशी देवीला नारळ वाढवून निघालात तरी चालेल. तुमच्या सासूबाईंच्या पिढीने 'देवी' पाहिल्या आहेत, त्यात गेलेली पोरंही पाहिली आहेत. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला. तो रोग गेला तो गावोगाव फिरून टोचलेल्या लसीनेच. त्यांच्या दंडावर तो वण असेल. कांजिण्या हा देवीच्या मानाने सौम्य आणि अगदी वेगळा रोग आहे, पण लस घेणं या घराला नवं नाही, एवढं त्यातून दिसतं.

आता मिस्टरांचा मुद्दा. कांजिण्यांची लस सरकारी लसीकरणाच्या यादीत नाही, हे बरोबर. शाळेत किंवा अंगणवाडीत गोवर-रुबेलाची लस दिली असेल, त्यात ती येत नाही, काही पालकांचा तसा समज असतो. पण यादीत नाही म्हणजे निरुपयोगी, हा अर्थ बरोबर नाही. सरकारला आधी गोवर, घटसर्प, पोलिओ यांसारख्या जास्त जीव घेणाऱ्या रोगांवर पैसा लावावा लागतो. शिवाय ही लस सुरू करायची तर ऐंशी टक्के मुलांपर्यंत ती कायम पोचवता आली पाहिजे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अर्ध्याच मुलांना दिली, तर उरलेल्यांना लहानपणी लागण होत नाही आणि मोठेपणी होते. हा देशाचा हिशेब झाला. तुमच्या दोन मुलांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना ही लस द्या असंच सांगते, पहिला डोस पंधराव्या महिन्यापासून. तुमची मुलं मोठी आहेत म्हणून वेळ गेली, असं काही नाही.

पैशाचं सांगते. एका डोसला साधारण दोन हजारांच्या आसपास पडतात, कंपनीप्रमाणे कमी-जास्त. सगळे एकदम लागत नाहीत. आत्ता दोघांचा पहिला डोस द्या, दुसरा तीन महिन्यांनी. कापसाचा पैसा हातात येईपर्यंत दुसरा लांबला, तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. एका डोसनेही जोराचा आजार बहुतेक टळतो. अगदीच ओढाताण असेल तर मुलीचा डोस आधी द्या, कारण वय वाढेल तसा तिला आजार जड जाणार. आणि दवाखान्यात मूल भरती करावं लागलं तर सलाइन, औषधं, बुडालेली मजुरी आणि येण्या-जाण्याचं भाडं मिळून काय होतं, हे मिस्टरांनी कुणाच्या तरी वेळी पाहिलंच असेल.

लस देताना एक गोष्ट नीट पाहा. ती कायम थंडच राहायला हवी, आणि पावडरीत पाणी मिसळल्यावर अर्ध्या तासात टोचावी लागते. जळगाव-धुळ्याचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो तेव्हा मेडिकलमधून डबी घेऊन, पिशवीत टाकून, एसटीने खेड्यावर आणायची आणि तिथे टोचून घ्यायची, असं करू नका. ज्या बालरोगतज्ज्ञांकडे लसीसाठी वेगळा फ्रीज आणि वीज गेली तर सोय आहे, तिथेच घ्या. वीज जाते तेव्हा काय करता, हे विचारायला लाजू नका, चांगला डॉक्टर रागावत नाही. मुलांपैकी कुणाला गंभीर आजार असेल, स्टेरॉइडची औषधं चालू असतील, नुकतं रक्त चढवलं असेल किंवा आधी एखाद्या लसीची जोराची ॲलर्जी आली असेल, तर आधी सांगा. आणि लस दिल्यावर सहा आठवडे ॲस्पिरिन असलेलं कुठलंही औषध द्यायचं नाही.

तुमच्या मनात येईल की जिवंत लस दिलेली मुलं आणि गरोदर नणंद एका घरात चालतील का? चालतात. घरात गरोदर बाई आहे म्हणून मुलांची लस थांबवत नाहीत. लस घेतलेल्या मुलापासून दुसऱ्याला लागण झाल्याची उदाहरणं जगभरात बोटांवर मोजण्याइतकी आहेत, तीही मुलाला पुरळ उठलं तेव्हाच. तरी आखाजीपर्यंत मुलांच्या अंगावर फोड दिसलेच, तर ते कपड्याने झाकून ठेवा, मुलांना नणंदबाईंपासून लांब ठेवा आणि त्यांच्या डॉक्टरांना फोनवर सांगा. एवढं पुरे. जास्त जपायचं आहे ते पारोळ्याच्या मुलापासून. त्याच्या सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत त्याने आणि नणंदबाईंनी एका छपराखाली यायचं नाही. त्याच्या घरात ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत, त्यांनीही तीन आठवडे भेटायला येऊ नये. जाऊबाईंना हे तुम्ही सांगण्यापेक्षा मिस्टरांनी भावाला सांगावं. पोराबद्दल किळस नाही, बहिणीच्या पोटातल्या बाळाची काळजी आहे, हे भावाभावांत सहज बोलता येतं.

समजा या गडबडीत कुणी मुलांना त्याच्याजवळ घेऊन गेलंच, किंवा तो तुमच्या दारी येऊन खेळून गेला, तर रडत बसू नका, लगेच गाडी काढा. संपर्क आल्यापासून तीन दिवसांत, फार तर पाच दिवसांत लस दिली तरी रोग टळू शकतो किंवा हलका होतो. कांजिण्या झाल्याच तर नखं अगदी बारीक कापा, सुती सैल कपडे घाला, रोज कोमट पाण्याने अंघोळ घाला आणि अंग हलकेच टिपा. माता आली म्हणून आठ दिवस अंघोळ बंद ठेवू नका, फोडात पू होण्याचा धोका त्यानेच वाढतो. कडुनिंबाचा पाला उशाशी ठेवा, पण फोडांवर वाटून लावू नका. खाजेसाठी कॅलामाइन चालतं. तापाला डॉक्टरांनी वजनावर सांगितलेलं पॅरासिटामॉल द्या. ॲस्पिरिन अजिबात नाही आणि आयबुप्रोफेनही नको. मेडिकलवाल्याने दिलेल्या तापाच्या बाटलीवर काय लिहिलंय ते मिस्टरांकडून वाचून घ्या, कारण लहान मुलांच्या बऱ्याच औषधांत पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेन असतं. ताप चार दिवसांच्या वर राहिला किंवा उतरून पुन्हा चढला, फोडाभोवती लाली आणि सूज वाढली, मूल सुस्त झालं, चालताना डुलायला लागलं, धाप लागली किंवा उलट्या थांबेनात, तर रात्र काढू नका. अमळनेरला बालरोगतज्ज्ञ आहेत. त्यांनी पुढे पाठवलं तर जळगावचं आणि धुळ्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

शेवटचं तुमच्याबद्दल. तुम्ही मुलांचं, नणंदेचं, सासूबाईंचं सगळं लिहिलंत, पण तुम्हाला स्वतःला कांजिण्या झाल्या होत्या का, हे पत्रात कुठेच नाही. आपल्याकडच्या उष्ण हवेत बरीच माणसं त्या न होताच मोठी होतात. तुमच्या आईला फोन करून विचारा. मिस्टरांनीही सासूबाईंना विचारावं. झाल्या नसतील तर मोठ्यांनाही ही लस घेता येते, महिना-दीड महिन्याच्या अंतराने दोन डोस. फक्त तेव्हा दिवस गेलेले नसावेत आणि प्रत्येक डोसनंतर महिनाभर तरी दिवस राहू देऊ नयेत.